लाडक्या बालमालिकेचा अ‍ॅनिमेशनपट करताना: तयारी, कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मुलांच्या आवडत्या मालिकेचा अ‍ॅनिमेशनपट करायचा ठरला की बहुतेक चमू पहिल्याच आठवड्यात पात्रांची नवी चित्रं काढायला बसतात. चित्रं देखणी होतात, सगळ्यांना हुरूप येतो, एक झलकही तयार होते. वर्षभराने लक्षात येतं की पटकथा म्हणजे तीन भाग एकापुढे एक ठेवलेत, शीर्षकगीताचे हक्क तिसऱ्याच कुणाकडे आहेत आणि पंधरा मिनिटं तयार झालेलं अ‍ॅनिमेशन कथेतून काढून टाकावं लागणार आहे. यातली एकही अडचण कौशल्याच्या अभावाने आलेली नसते. क्रम चुकलेला असतो.

दुसरी चूक याहून खोल आहे. मालिकेचा भाग आणि चित्रपट यांत फरक फक्त लांबीचा आहे असं धरलं जातं. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी जग होतं तसं होतं, म्हणून तर मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा निर्धास्त बसतं. चित्रपटात मात्र एक गोष्ट कायमची बदलावी लागते, आणि तरीही ते जग मुलाला आपलंच वाटायला हवं. खालचे सगळे टप्पे याच एका कसरतीसाठी आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित मालिका धरून चालू. हातबाहुल्यांची मालिका, ११ मिनिटांचे ५२ भाग. एक कावळा हरवलेल्या वस्तू शोधतो आणि ज्याच्या त्याला नेऊन देतो. सोबतीला एक भित्री खार. वस्तू आधी चुकीच्या दारी जाते, मग योग्य दारी पोहोचते, भाग संपतो.

कामाला हात घालण्याआधी काय जमवायचं

मालिकेचे सगळे भाग, मिळतील तितक्या चांगल्या प्रतीत. निवडक तुकडे चालणार नाहीत, कारण निवड करणाऱ्याची आठवण त्यात मिसळलेली असते. मूळ करारांच्या प्रती. जुनी रेखाटनं, बाहुल्या, सेटचे नकाशे, फोटो. आणि मूळ चमूतली जी माणसं भेटू शकतील त्यांच्याशी निवांत गप्पा. माझ्या मते इथे दिग्दर्शकाइतकंच बाहुली चालवणाऱ्याला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला भेटणं महत्त्वाचं आहे. पात्र कसं वळतं, कुठे थांबतं, कशामुळे हसू येतं हे त्यांच्या हाताला आणि कानाला माहीत असतं. ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं.

याच वेळी एक वाक्य लिहून भिंतीवर लावा: हा चित्रपट किती वर्षांच्या मुलासाठी आहे? मालिका चार ते सात वर्षांच्या मुलांची असेल तर चित्रपटही आजच्या चार ते सात वर्षांच्या मुलाचाच. तेव्हाची मुलं आता आईबाप झाली आहेत, तिकिटं तीच काढणार आहेत, हे खरं. पण त्यांच्या आठवणींसाठी चित्रपट केला की त्यांच्या शेजारी बसलेलं मूल अर्ध्या तासात चुळबुळायला लागतं, आणि मग आईबापांचंही लक्ष पडद्यावर राहत नाही.

टप्पा १: हक्कांचा तक्ता

मालिकेचे हक्क एकाच दारात मिळतात हा समज फार महागात पडतो. ज्या वाहिनीवर मालिका लागायची तिच्याकडे कदाचित फक्त प्रक्षेपणाची परवानगी असेल. म्हणून एक तक्ता करा आणि मालिकेचे सुटे भाग त्यात ओळीने लिहा:

- कथा आणि पात्रं. मालिका एखाद्या पुस्तकावर बेतलेली असेल तर ते पुस्तक वेगळं
- मालिकेचं नाव आणि बोधचिन्ह (ट्रेडमार्क वेगळा नोंदलेला असू शकतो)
- बाहुल्यांचं किंवा चित्रांचं मूळ रूप
- शीर्षकगीत: शब्द, चाल आणि जुनं ध्वनिमुद्रण, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत
- माणसांनी काम केलेली मालिका असेल तर कलाकारांचा चेहरा आणि आवाज

प्रत्येक ओळीपुढे हक्क कुणाकडे, कुठल्या कागदाने, किती काळासाठी. मूळ निर्मात्यापासून तुमच्यापर्यंत कागदांची साखळी कुठेही तुटता कामा नये. वितरक आणि विमा कंपन्या याच साखळीची विचारणा करतात, आणि तोवर चित्रपट बहुधा पूर्ण झालेला असतो.

सगळे हक्क एकदम विकत घ्यायची घाई नको. आधी ‘ऑप्शन’ घ्या: ठरावीक मुदतीसाठी, साधारण वर्ष-दीड वर्षासाठी, हक्क विकत घेण्याचा पर्याय तुमच्याकडे ठेवण्याचा आणि दुसऱ्या कुणाला ते न देण्याचा करार. मुदतवाढीची अट त्यातच लिहून घ्यायची. या काळात पटकथा होते, पैसा उभा राहतो. करारात चित्रपटगृह, स्ट्रीमिंग, इतर भाषांतलं डबिंग, पुढचे भाग आणि खेळणी यांचा स्पष्ट उल्लेख हवा. ‘सर्व माध्यमं’ एवढ्या दोन शब्दांवर विसंबू नका.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. लेखक-कलाकारांच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातल्या ६ बिस या कलमानुसार लेखकाला स्वतःचं नाव लावून घेण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा नैतिक हक्क असतो. आर्थिक हक्क विकले तरी तो त्याच्याकडे राहतो. त्यामुळे पात्रांचं रूप बदलणार असाल तर मूळ कर्त्याची लेखी संमती घ्या, आणि ती नुसत्या वर्णनावर न घेता प्रत्यक्ष चित्रांवर घ्या.

तपासणी: तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला सहीचा कागद आहे का? शीर्षकगीताला नसेल तर नवीन गाणं करायचं की नाही हे आजच ठरवा. जुनी चाल मनात धरून पटकथा लिहिली आणि हक्क नाकारले गेले, तर शेवटचा प्रसंग नव्याने लिहावा लागतो.

टप्पा २: मालिका सलग पाहणं आणि वही

५२ भाग म्हणजे ५७२ मिनिटं, साडेनऊ तास. पहिल्यांदा न थांबवता बघा, काहीही लिहू नका. दुसऱ्यांदा वही घ्या आणि तीन रकाने करा.

पहिला रकाना: दर भागात घडणाऱ्या गोष्टी. कावळा वस्तू सापडली की आधी ती तिरक्या मानेने न्याहाळतो. खार प्रत्येक वेळी ‘नको रे’ म्हणते आणि तरीही जाते. वस्तू पहिल्या दारी कधीच योग्य ठरत नाही.

दुसरा रकाना: कधीच न घडणाऱ्या गोष्टी. कावळा एकही वस्तू स्वतःकडे ठेवत नाही. कुणी कुणाला मारत नाही. रात्र होत नाही. मालिकेचा स्वभाव खरं तर याच रकान्यात सापडतो, आणि हाच रकाना बहुतेक जण भरत नाहीत.

तिसरा रकाना: अडचणीतून आलेल्या गोष्टी. बाहुलीची चोच लाकडी होती, म्हणून बोलण्याआधी ‘टक्’ असा बारीक आवाज यायचा. आतल्या हातामुळे नुसती मान वळत नसे, अख्खं अंग वळायचं. डोळे मिटत नसत. पाय कधी दिसलेच नाहीत.

अ‍ॅनिमेशनमध्ये या सगळ्या मर्यादा एका फटक्यात दूर होतात आणि धोका तिथेच आहे. चोच मऊ हलायला लागली की ‘टक्’ जातो, आणि मुलं ज्याला ओळखत होती तो कावळा त्याच्याबरोबर जातो. म्हणून तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे एकच शब्द लिहा: ठेवायचं, बदलायचं किंवा सोडायचं. माझा कल असा: ‘टक्’ ठेवायचा, अख्ख्या अंगाने वळणं ठेवायचं. डोळे मिटू द्यायचे, पण अगदी क्वचित. म्हणजे ज्या प्रसंगी कावळा डोळे मिटेल, तो प्रसंग प्रेक्षकाच्या लक्षात राहील.

सावधान: समाजमाध्यमांवर ‘तुम्हाला मालिकेतलं काय आठवतं?’ असा प्रश्न टाकून आलेल्या उत्तरांवर ही वही भरू नका. लोकांना गाणं आणि टाळीची वाक्यं आठवतात. मूल ज्यामुळे जागचं हलत नसे ते बहुतेकांना शब्दांत सांगता येत नाही.

टप्पा ३: एका ओळीची गोष्ट

आता दुसऱ्या रकान्याकडे परत या. तिथला एक नियम निवडा आणि तो चित्रपटात एकदाच, पूर्ण जबाबदारीने मोडा. आपल्या उदाहरणात: कावळ्याला अशी एक वस्तू सापडते, जी तिचा मालक परत घ्यायला तयार नाही. आयुष्यात काहीही स्वतःकडे न ठेवलेल्या कावळ्याला आता ती सांभाळावी लागते, आणि ती नकोशी का झाली हे शोधावं लागतं.

ही ओळ तीन प्रश्नांवर घासून बघा. हीच गोष्ट ११ मिनिटांत सांगता येईल का? येत असेल तर तो एक भाग आहे, चित्रपट नाही. दुसऱ्या कुठल्याही मालिकेतल्या पात्राला ती जशीच्या तशी लावता येईल का? येत असेल तर तुमच्या वहीचा उपयोगच झालेला नाही. आणि शेवटी काय पूर्ववत होणार नाही? उत्तर ‘काही नाही’ असेल तर पुन्हा बसा.

इथे नेहमी दिसणारी पळवाट म्हणजे सगळ्या पात्रांना उचलून मोठ्या शहरात किंवा अंतराळात नेणं. जागा बदलणं मुळात चूक नाही. ‘शॉन द शीप’ मालिकेचे भाग सुमारे सात मिनिटांचे आणि संवादाशिवायचे. २०१५ मध्ये आलेल्या तिच्या चित्रपटात मेंढ्या शेत सोडून शहरात गेल्या, पण जवळपास दीड तास संवादाशिवाय राहण्याचा नियम चित्रपटानेही पाळला. जग मोठं झालं, बोली तीच राहिली. जागा आणि बोली एकाच वेळी बदललीत तर मुलाला धरायला काहीच उरत नाही.

टप्पा ४: पटकथा

लहान मुलांसाठी ७५ ते ८५ मिनिटं पुरतात. प्रत्येक प्रसंग एकेका कार्डावर लिहा, आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये कुठला शब्द येतो ते मोठ्याने बोलून पाहा. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ येत असेल तर ठीक. लागोपाठ ‘आणि मग’ येत असेल तर तुम्ही भाग एकमेकांना जोडताय.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब कमी संवादाच्या बालपटात फसवतो. ‘कावळा पुलावरून खाली डोकावतो’ ही एक ओळ पडद्यावर चाळीस सेकंद घेऊ शकते. म्हणून घड्याळ लावून प्रसंग करून बघा.

पात्रांची गर्दी हा इथला मोठा मोह. ५२ भागांत तीसेक छोटी पात्रं जमा झालेली असतात आणि प्रत्येकाचा कुणी ना कुणी चाहता असतो. कथेत खरं काम पाच-सहा जणांनाच द्या. बाकीचे बाजारात, खिडकीत, रांगेत दिसू देत. ओळखणारा ओळखेल. मालिकेत दर भागात येणारी गंमत चित्रपटात तीनदा पुरे: पहिल्यांदा जशीच्या तशी, दुसऱ्यांदा थोडी हलवून, तिसऱ्यांदा कथेला वळण देणारी. खारीचं ‘नको रे’ तिसऱ्यांदा यायला हवं तिथे आलंच नाही, ती न बोलता पुढे झाली, तर नवीन प्रेक्षकालाही तिची वाढ दिसते.

भीतीचंही माप ठरवा. लहान मूल भीतीदायक प्रसंग झेलतं, पण त्यानंतर ओळखीचं माणूस, ओळखीची जागा लवकर दिसावी लागते. प्रत्येक ताणाच्या प्रसंगानंतर एक शांत प्रसंग हवाच, आणि त्यात नवीन माहिती कोंबायची नाही.

तपासणी: मालिका कधीच न पाहिलेल्या माणसाला पटकथेची पहिली दहा पानं द्या. कावळा कोण, काय करतो आणि काय कधीच करत नाही, हे त्याने सांगितलं तर पुढे जा. सांगताना त्याने ‘बहुतेक’ हा शब्द वापरला तर पहिला प्रसंग पुन्हा लिहा.

टप्पा ५: रूप आणि पडद्याचा आकार

चित्रकारांचं काम इथे सुरू होतं, त्याआधी नाही.

पहिल्यांदा चौकट, म्हणजे पडद्यावरच्या चित्राचा आकार, ठरवा. जुन्या मालिका ४:३ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) या जवळजवळ चौरस आकारात असत. चित्रपटगृहात १.८५:१ किंवा त्याहून रुंद २.३९:१ मिळते. जुन्या चौकटीत कावळा आणि खार शेजारी उभे राहिले की पडदा भरायचा. रुंद चौकटीत तेच दोघं मध्यभागी उभे केले तर दोन्ही बाजूंना ओसाड जागा उरते, मग ती भरायला मागे झाडं, माणसं, वस्तू येतात आणि मुलाची नजर भरकटते. दोन पात्रांच्या जिव्हाळ्यावर उभी असलेली मालिका असेल तर १.८५ निवडा. अफाट प्रदेशाचा प्रवास असेल तरच त्याहून रुंद.

मग पात्रं. आधी प्रत्येकाची काळी छाया काढा. छायेवरून कोण ते ओळखू यायला हवं. त्यानंतर सगळ्या बाजूंनी दिसणारं टर्नअराउंड, भावमुद्रांचा तक्ता, बोलताना होणाऱ्या तोंडाच्या आकारांचा तक्ता आणि सगळी पात्रं एका रांगेत उभी करून उंचीची तुलना. कावळ्याला पाय द्यायचेत, म्हणजे चालही द्यावी लागणार. ती आयत्या वेळी अ‍ॅनिमेटरवर सोडू नका. बाहुली चालवणाऱ्याला विचारा: याला पाय असते तर कसा चालला असता? उत्तर बहुधा तयार असतं.

मोठा पडदा आहे म्हणून पंखाचं प्रत्येक पीस सुटं काढण्याचा हट्ट मला घातक वाटतो. फेल्टच्या बाहुलीवर प्रेम करणाऱ्या मुलापुढे खरा पक्षी आणून उभा केला तर ते बावरतं. ‘द पीनट्स मूव्ही’ (२०१५) हा त्रिमितीय चित्रपट होता, पण पात्रांच्या मुद्रा आणि हालचालीची लय मुद्दाम जुन्या द्विमितीय रेखाटनांसारखी ठेवली होती. तंत्र नवं आणि ओळख जुनी, हे जमतं. फक्त ते आधी ठरवून, मॉडेल शीटवर (पात्र कसं काढायचं याच्या नियमांच्या तक्त्यावर) लिहून ठेवावं लागतं: अमुक कोनातून डोकं दाखवायचं नाही, तमुक मुद्रा वापरायची नाही.

टप्पा ६: स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिक

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची (शॉटगणिक गोष्ट मांडणारी) चित्रं ठरलेल्या वेळेनुसार, कामचलाऊ आवाज आणि संगीतासह एकामागून एक लावलेला अख्खा चित्रपट. ८० मिनिटांच्या चित्रपटात शॉट सरासरी चार सेकंदांचा धरला तर १२०० शॉट होतात. १२०० शॉट पेन्सिलीने बदलणं परवडतं. रंगवून, हलवून, उजळवून झाल्यावर बदलणं परवडत नाही.

१. आधी अंगठ्याएवढी चित्रं, पूर्ण प्रसंगाची, एका बैठकीत. सफाई नको, कोण कुठे उभा आहे आणि आपण कुठून बघतोय एवढंच.

२. प्रसंग उभा राहिला की नीट स्टोरीबोर्ड. मुद्रा स्पष्ट, पार्श्वभूमी मोजकीच.

३. चमूतल्याच माणसांचे आवाज घेऊन स्क्रॅच ट्रॅक. आवाज चांगले नसले तरी चालतील, विराम खरे असायला हवेत.

४. संपूर्ण चित्रपट जोडून सलग बघा. सुटे प्रसंग सुटे बघून चांगलेच वाटतात. कंटाळा फक्त सलग बघतानाच कळतो.

एक प्रसंग जवळून पाहू. कावळा वस्तू दारात ठेवतो, दार उघडतं, हात बाहेर येतो, वस्तू उलट सरकवतो, दार बंद होतं. पहिल्या मसुद्यात याचे आठ शॉट होतात: पायरी, कडी, कावळ्याचा चेहरा, दार, हात, वस्तू, पुन्हा चेहरा, बंद दार. कागदावर जोरकस वाटतं. मुलांपुढे लावलं की तिसऱ्या शॉटनंतर त्यांचे डोळे इकडेतिकडे जातात, कारण वस्तू नक्की कुठे आहे हेच हरवतं. दुरुस्ती अशी: एकच रुंद शॉट, दार डावीकडे, कावळा उजवीकडे, वस्तू बरोबर मध्ये. हात येतो, वस्तू सरकते, दार लागतं. त्यानंतर तीन पूर्ण सेकंद काहीही हलत नाही. मग ‘टक्’, आणि कावळा काहीच बोलत नाही. चोच उघडली पण शब्द आला नाही, हे पाच वर्षांच्या मुलाला कळतं, कारण ‘टक्’नंतर बोलणं येतं हे त्याने पहिल्या दहा मिनिटांत शिकलेलं असतं.

५. आता मुलांना दाखवा. पालकांची परवानगी घेऊन, भिंतीवरच्या वाक्यातल्या वयाचीच मुलं बोलवा. अगदी कच्च्या रेघा लहान मुलांना वाचता येत नाहीत, म्हणून मुख्य पात्रांना निदान एकेक सपाट रंग भरा. ‘आवडलं का?’ विचारू नका, मुलं हो म्हणतात. पडद्याकडे पाठ करून मुलांकडे बघत बसा आणि नजर हटली, पाय हलायला लागले, शेजाऱ्याशी बोलणं सुरू झालं की त्या क्षणाची वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी पालकांना सांगा की मुलाला गोष्ट सांगायला लावा आणि जशी सांगेल तशी लिहून पाठवा. जो प्रसंग कुणाच्याच सांगण्यात येत नाही, तो काढला तर काय बिघडतं ते तपासा.

६. दुरुस्त करा, पुन्हा जोडा, दुसऱ्या मुलांना दाखवा. आधीचीच मुलं उपयोगाची नाहीत, त्यांना गोष्ट माहीत झालेली असते.

सावधान: ‘हे अ‍ॅनिमेशनमध्ये छान दिसेल’ असं वाक्य या टप्प्यावर कुणी उच्चारलं की तो प्रसंग बाजूला काढा. अ‍ॅनिमॅटिकमध्ये न रंगणारा प्रसंग पुढे क्वचितच रंगतो.

टप्पा ७: आवाज

खरे आवाज अ‍ॅनिमॅटिक कायम झाल्यावर आणि अ‍ॅनिमेशन सुरू होण्याआधी घ्यायचे, कारण ओठांची आणि अंगाची हालचाल आवाजावरून होते. मूळ कलाकार उपलब्ध असेल आणि आवाज अजून तसाच लागत असेल तर आधी त्यालाच विचारा. वयाने आवाज बदललेला असेल तर ओढूनताणून जुना सूर काढायला लावू नका. नवा कलाकार घ्या आणि शक्य असेल तर मूळ कलाकाराला स्टुडिओत मार्गदर्शनाला बसवा.

केवळ जाहिरातीसाठी प्रसिद्ध नट घेण्याला माझा विरोध आहे. पाच वर्षांच्या मुलाला त्याचं नाव माहीत नसतं. त्याला एवढंच कळतं की हा कावळा आपला नाही.

ध्वनिमुद्रण करताना जी पात्रं प्रसंगात एकमेकांशी बोलतात त्यांना शक्यतो एकत्र उभं करा, फक्त माइक वेगळे ठेवा. श्वास, हुंकार, अर्धवट हसू यांचं वेगळं मुद्रण घ्या. नंतर हेच कमी पडतं. आणि कलाकारांचा चेहरा दिसेल असं साधं चित्रीकरण करून अ‍ॅनिमेटरना द्या.

टप्पा ८: चाचणीचा तुकडा, मग उत्पादन

सगळ्या चमूला कामाला लावण्याआधी साठ ते नव्वद सेकंदांचा एक तुकडा शेवटच्या ध्वनिमिश्रणापर्यंत पूर्ण करा. सोपा निवडू नका. गर्दी, पाऊस, जवळून संवाद आणि एक लांब शांत शॉट असलेला निवडा. रिगमध्ये (पात्र हलवण्यासाठी संगणकात बसवलेल्या सांगाड्यात) चोच नीट उघडते का, रंग मोठ्या पडद्यावर कसे उतरतात, रेंडरला (संगणकाने अंतिम चित्र तयार करण्याला) किती वेळ लागतो, फाइल एका विभागातून दुसऱ्यात जाताना काय तुटतं, हे सगळं इथेच कळतं.

यावरून वेळेचा खरा हिशोब मांडा. ८० मिनिटं म्हणजे ४८०० सेकंद. सेकंदाला २४ चौकटींप्रमाणे (इथे चौकट म्हणजे एक स्थिर चित्र, फ्रेम) १,१५,२०० चौकटी. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी एका पात्रासाठी ५७,६०० चित्रं. चाचणीत एका अ‍ॅनिमेटरकडून आठवड्याला चार सेकंद निघाले असतील, तर १२०० आठवड्यांचं काम आहे. वीस जण असतील तर ६० आठवडे, तेही रजा आणि रीटेक न धरता. मालिकेच्या वेगावरून चित्रपटाचं वेळापत्रक करणं ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक. मालिकेतला बराचसा भाग ठरावीक हालचाली पुन्हा वापरून निघतो. चित्रपटात ती पुनरावृत्ती डोळ्यांत भरते.

शॉट कथेच्या क्रमाने करू नका. मध्यातले, मध्यम अवघड शॉट आधी घ्या. हात बसला की सुरुवातीचे आणि शेवटचे करा, कारण तेच सगळ्यांच्या लक्षात राहतात. प्रत्येक शॉटचं नाव, आवृत्ती आणि मंजुरीची तारीख एकाच तक्त्यात. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात वापरायचा नाही. आवृत्तीला आकडा द्यायचा.

सावधान, आणि ही सूचना टाळता न येणारी आहे: विजा, स्फोट, जादू दाखवताना पडदा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखता कामा नये. गडद लाल रंगाची उघडझाप विशेष धोकादायक. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची वेगवान उघडझाप दाखवली गेली आणि ६०० हून अधिक प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यात बहुतेक मुलं होती. यासाठी तपासणीची सॉफ्टवेअर मिळतात. प्रत्येक संशयास्पद शॉट त्यातून काढा आणि अहवाल जपून ठेवा.

टप्पा ९: ध्वनी, प्रती आणि नावं

जुनी चाल पहिल्याच मिनिटाला पूर्ण वाद्यवृंदात वाजवली की ती पुढे वापरायला उरत नाही. सुरुवातीला तिचे दोन-तीनच सूर, मध्ये मोडके, पूर्ण चाल फक्त एकदाच, कथेला लागेल तिथे. ‘टक्’चा आवाज मूळ मुद्रणातून घ्यायचा असेल तर त्या मुद्रणाचे हक्क पहिल्या टप्प्यातल्या तक्त्यात आहेत का ते बघा, नाहीतर लाकडाच्या दोन तुकड्यांनी नवा करा.

ध्वनिमिश्रण मोठ्यांच्या कानाने करू नका. मोठा आवाज आणि एकदम आलेला आवाज या दोन्हींनी लहान मुलं कानांवर हात ठेवतात. स्टुडिओतल्या मिश्रणानंतर खऱ्या चित्रपटगृहात मागच्या, मधल्या आणि पुढच्या रांगेत बसून एकदा ऐका. संवादाशिवायचा संगीत आणि परिणामध्वनींचा ट्रॅक वेगळा करून ठेवा, त्याशिवाय दुसऱ्या भाषेत डबिंग होत नाही. पडद्यावर दिसणाऱ्या अक्षरांचे शॉट अक्षरांविनाही जपून ठेवा.

चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, तयार झाली की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न पळवता, मोठ्या पडद्यावर बघा. संगणकावर न दिसलेल्या रंगांच्या पट्ट्या आणि सटकलेला ध्वनी इथे सापडतो.

शेवटी श्रेयनामावली. मूळ मालिकेच्या लेखकाचं, बाहुल्या घडवणाऱ्याचं, त्या चालवणाऱ्यांचं आणि आवाज देणाऱ्यांचं नाव करारात जसं लिहिलंय तसं, त्याच शब्दलेखनात, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या आकारात आहे का ते करार हातात धरून एकेक ओळ तपासा. हे काम दोघांनी करायचं: एकाने करार वाचायचा, दुसऱ्याने पडदा.